मदत हवी आहे: शाळेच्या परसबागेत पावट्यावर मावा (रस शोषणारी बारीक कीड) पडलाय, आणि पालकांना काय सांगू?

नमस्कार. मी माण तालुक्यातल्या (जि. सातारा) एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली ते चौथी मिळून ३१ मुलं. गेल्या जूनमध्ये शाळेमागच्या अर्ध्या गुंठ्यात आम्ही परसबाग केली. जमीन मुरमाड. तलावातला गाळ आणि दोन ट्रॉल्या शेणखत गावातूनच मिळालं. हात धुवायच्या नळांचं आणि खिचडीची ताटं धुतलेलं पाणी चर काढून वाफ्यांकडे वळवलंय. कुंपणावर पावटा, आत मेथी, मुळा, कोथिंबीर, पालक, आणि कोपऱ्यात शेवग्याची दोन रोपं.

सुरुवात कशावरून झाली ते सांगते. परिसर अभ्यासाच्या तासाला गवार कुठून येते विचारलं, तर तिसरीचा अख्खा वर्ग म्हणाला, आठवडी बाजारातून. ही सगळी शेतकऱ्यांची मुलं. पण घरच्या रानात ज्वारी, कांदा, डाळिंब; भाजी विकतची. माझ्या मनाला ते फार लागलं.

बागेनं मला काय दिलं, तेही सांगायला हवं. एक मेंढपाळाचा मुलगा आहे. वर्षातले काही महिने मेंढरांबरोबर वाड्यावर, म्हणजे मुक्कामाच्या तळावर असतो, वाचन मागे, वर्गात तोंड उघडत नाही. पावसाळ्यात आम्ही वाफ्यातलं तण काढत होतो, तर तो माझा हात धरून म्हणाला, "बाई, ही घोळ हाय, उपटू नका. भाजी करत्यात." मग त्यानं तांदुळजा दाखवला, पाथरी दाखवली, केना दाखवला. त्या दिवशी सगळा वर्ग त्याच्या मागे फिरत होता. आता तण काढायच्या आधी त्याला विचारायचं, हा मुलांनी स्वतःच केलेला नियम आहे.

आता अडचणी.

पावट्याला फुलं लागली आणि देठादेठावर काळा मावा चिकटलाय. चौथीतला एक मुलगा म्हणाला, "घरनं पंप आणतो बाई, एका फवाऱ्यात मरतंय सगळं." मी नको म्हटलं. पण नको का, हे त्याला पटेल असं सांगता आलं नाही, कारण त्याच्या घरी रोज तेच होतं. वडिलांचं चुकतं असं मुलाच्या मनात भरवायचं नाहीये मला.

दुसरी अडचण जास्त अवघड. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एक आई उठून म्हणाली, "आमचा जन्म खुरपण्यात गेला. पोरीच्या हातात पुन्हा खुरपं कशाला देताय?" मला उत्तर सुचलं नाही. तिचं चुकलं असं अजूनही म्हणवत नाही. दोन रात्री हेच डोक्यात आहे.

शिवाय मे महिन्यात पाणी टँकरचं, शाळा बंद. तेव्हा बागेचं काय करायचं? आणि मेथी स्वतः पेरलेली मुलंसुद्धा खिचडीतली पानं वेचून ताटाच्या कडेला ठेवतात. कुणी हे केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

---

रब्बी_हंगाम

ताई, आधी मावा मारू नका, दोन दिवस मुलांना तो बघू द्या. भिंग असेल तर उत्तम. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं घालते, म्हणून आठवड्यात एवढा वाढतो. मुंग्या वर-खाली करताना दिसतील; माव्याच्या अंगातून गोड चिकटा येतो, त्यासाठी त्या त्याची राखण करतात. तिथेच ढालकिडे शोधा, लाल पाठीवर काळे ठिपके. त्यांची अळी वेगळीच दिसते, काळपट, लांबुडकी, बारक्या मगरीसारखी. मुलं तिलाच कीड समजून चिरडतात, हे आधी सांगा. ही अळी मावा खाते.

पंपवाल्या मुलाला हेच काम द्या: रोज एका वेलावर मावा किती आणि ढालकिडे किती, मोजून वहीत लिहायचं. औषध मारलं तर दोन्ही मरतात, आणि मावा आधी परत येतो. हे त्याचं त्यालाच उमगेल, वडिलांना चूक ठरवावं लागणार नाही.

फारच पडला असेल तर जास्त माखलेले शेंडे खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा. पाण्याची जोरदार पिचकारी मारली तरी बराच गळतो. तरी हटला नाही तर ५ टक्के निंबोळी अर्क: ५० ग्रॅम निंबोळी पावडर १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, फडक्यानं गाळायची, चिमूटभर साबणचुरा घालून संध्याकाळी फवारायची. फवारणी तुम्ही करा, मुलांनी नाही.

एक न विचारलेलं सांगतो. ताटांचं साबणाचं पाणी मुळा-कोथिंबिरीला देऊ नका. ते आधी केळी आणि कर्दळीला सोडा, भाजीला चांगलं पाणी ठेवा.

---

कोयनाकाठ

मी निवृत्त शिक्षिका, ३३ वर्षं नोकरी केली. त्या आईचं बोलणं मनावर घेतलंत, हे योग्यच केलंत. तिला उत्तर देऊ नका, वही दाखवा. वाफा ३ मीटर बाय १ मीटर, तर क्षेत्रफळ किती? ओल्या फडक्यात २० बिया ठेवल्या, १७ उगवल्या, तर शेकडा किती? मुळ्याची उंची दर सोमवारी दोरीनं मोजून भिंतीवर आलेख. तिच्या मुलीच्या अक्षरात हे तिनं पाहिलं पाहिजे.

आणि काम तपासा. आमच्याकडे नकळत पाणी घालणं मुलींकडे आणि कुदळ मुलांकडे गेली होती. मग चिठ्ठ्या टाकायला लागलो. बाग शिक्षा म्हणून कधीही नको, आणि मुलं बागेत असताना शिक्षकही बागेतच हवेत. नाहीतर ती आई म्हणते तेच खरं होतं.

तुमच्या मेंढपाळ मुलावरून पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडची आठवण झाली. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी तिथे गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, मुलं जिथे होती तिथे शाळा नेली. त्याच्याकडून रानभाज्यांची वही करून घ्या. तो सांगेल, दुसरा लिहील, आणि हळूहळू तोही लिहू लागेल.

---

तिखटमीठ

मे महिन्यात भाजी जगवूच नका. मार्चअखेर बाग आटोपायची आणि बी धरायचं. पावट्याच्या वाळल्या शेंगा, गावरान मुळ्याची दोन झाडं फुलायला सोडलेली. बी उन्हात वाळवून राखेत घोळून डब्यात. प्रत्येक मुलानं सुट्टीत एक डबी घरी सांभाळायची आणि जूनमध्ये परत आणायची. संकरित बियाण्याचं बी धरू नका, पुढच्या वर्षी तसंच पीक येत नाही. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली ती गावरान बियाणं जपल्याबद्दलच, हे मुलांना जरूर सांगा.

शेवग्याशेजारी मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, तळाला भोक पाडून सुती वात घाला, वर झाकण. भोवती उसाचं पाचट नाहीतर ज्वारीचं सरमड अंथरा. कुणीतरी चार दिवसांनी मडकं भरलं तरी पुरतं.

खाण्याचं म्हणाल तर खिचडीत मेथी लपवू नका, मुलांना ती फसवणूक वाटते. मुळा उपटल्या उपटल्या धुऊन, चकत्या करून मीठ लावून वाफ्याजवळच द्या. मेथी कच्ची, कांदा, दाण्याचं कूट, तेल, तिखट-मीठ घालून घोळाणा. चिरायला मुलांनाच बसवा. पावटा मात्र कच्चा देऊ नका, शिजवूनच.

---

मूळ धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आज ढालकिडे शोधायला गेलो. सात सापडले, आणि त्या मगरीसारख्या अळ्या तीन. पंप आणणारा मुलगा आता त्या वेलाला कुणाला हात लावू देत नाही. ताटांच्या पाण्याचा चर उद्या वळवते. शनिवारी घोळाणा करायचा ठरलाय; त्या आईला चव बघायला बोलावलंय, वही तेव्हाच दाखवेन. ती येते म्हणाली आहे.

केळीचे कंद दहिवडी किंवा म्हसवडच्या बाजूला कुणाकडे असतील तर कळवा, येऊन घेऊन जाईन.