क्विटक्लेम डीड: सहीआधी कर आणि कर्ज बघा

अमेरिकेत आपल्या एलएलसीच्या (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीच्या) नावावरची दुकानाची इमारत स्वतःच्या नावावर करायला 'क्विटक्लेम डीड (आपला जो काही हक्क असेल तो सोडून देणारा दस्त) भरा, नोटरी करा, काउंटीत (तिथल्या जिल्हा कार्यालयात) नोंदवा, झालं' असा सल्ला एकाने दिलाय. कागद खरंच तेवढाच आहे, पण काळजी वाटते ती पुढची.

सही 'मी' म्हणून नको. मालक एलएलसी आहे, म्हणून तिच्या वतीने, अधिकार असलेला मॅनेजर किंवा मेंबर (एलएलसीचा मालक-सदस्य) म्हणूनच करा. भागीदार असतील तर ऑपरेटिंग अ‍ॅग्रीमेंट (एलएलसीचा अंतर्गत करार) बघून त्यांची लेखी संमती आधी घ्या.

सगळ्यात मोठा प्रश्न कराचा. एलएलसीने कॉर्पोरेशन म्हणून कर भरायचं निवडलं असेल (एस कॉर्प, म्हणजे नफा मालकांच्या वैयक्तिक करात धरला जाणारा प्रकार, तोसुद्धा), तर भाव वाढलेली इमारत तुम्हाला देणं म्हणजे ती बाजारभावाने विकल्यासारखंच धरतात. हातात एक डॉलर न येता नफ्यावर कर बसतो! एकाच मालकाच्या साध्या एलएलसीत सहसा हा फटका बसत नाही. म्हणून सीपीएला (परवानाधारक अकाउंटंटला) आधी विचारा, डीड नंतर.

कर्ज असेल तर ते डीडने सुटत नाही. उलट 'ड्यू ऑन सेल' (मालकी बदलली की पूर्ण कर्ज फेडा, असं) कलम असेल तर बँक सगळी बाकी एकदम मागू शकते. १९८२च्या गार्न-सेंट जर्मेन या अमेरिकी कायद्यातल्या या कलमापासूनच्या सवलती छोट्या निवासी घरांसाठी आहेत, दुकानाला त्या लागू नाहीत.

क्विटक्लेममध्ये मालकीची कसलीच हमी नसते, त्यामुळे जुना टायटल इन्शुरन्स (मालकी हक्काचा विमा) पुढे चालेल ना, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. नाहीतर वॉरंटी डीडचा (मालकीची हमी देणाऱ्या दस्ताचा) विचार करा.