मोठ्या सफारी लॉजवरचा मुक्काम: काय गृहीत धरायचं?

रानवाट२
ऑगस्टमध्ये टांझानिया. दोन रात्री न्गोरोंगोरो विवराच्या (जुन्या ज्वालामुखीचा प्रचंड खळगा, आत जंगली प्राणी) काठावर, तीन रात्री सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात. दोन्ही लॉज सत्तर-ऐंशी खोल्यांची, सोबत सत्तरीचे आईवडील. लॉजच्या वेबसाइटवर सूर्यास्त आणि पोहण्याचा तलाव सोडून काही कळत नाही. खोली, वीज, थंडी, सकाळी प्राणी बघायला निघायच्या फेरीचं नाश्त्याचं गणित, याबद्दल जाणकारांनी लिहावं.

दुर्बीण
सगळ्यात आधी खोलीची जागा. मोठ्या लॉजमध्ये खोल्या लांबच लांब रांगेत असतात आणि वाटेत पायऱ्या असतात. वडीलधारे सोबत असतील तर 'मुख्य इमारतीजवळची, तळमजल्याची खोली' हे एजंटकडून आत्ताच लेखी मागून घ्या. काउंटरवर पोचून मागाल तर किल्ल्या आधीच मोठ्या ग्रुपांना वाटून झालेल्या असतात.

अंधार पडला की एकट्याने चालायचं नाही. हे नुसतं भीती घालणं नव्हे, बऱ्याच लॉजना कुंपण नसतं आणि रात्री रानम्हशी हिरवळीवर चरायला येतात. रिसेप्शनला फोन केला की अस्कारी (पहारेकरी) बॅटरी घेऊन न्यायला येतो. साडेसातला सगळेच बोलावतात, म्हणून जेवणाआधी पंधरा मिनिटं हाताशी ठेवा.

विवराचा काठ सुमारे २,३०० मीटर उंचीवर आहे. ऑगस्टच्या रात्री हाडं गारठतात, सकाळी दाट धुकं. पुष्कळ ठिकाणी रात्री पांघरुणात गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवून जातात. पायाला काहीतरी ऊबदार, गुबगुबीत लागलं तर दचकू नका. स्वेटर, कानटोपी हाताशी असू द्या.

टपालवाला
नाश्त्याचं सांगतो. विवरात उतरण्याचं गेट सकाळी सहाला उघडतं. बुफे साधारण साडेसहाला लागतो, तोवर थांबलात तर सकाळची चांगली वेळ गेली. आदल्या रात्रीच ड्रायव्हरला वेळ सांगा आणि 'ब्रेकफास्ट बॉक्स' नोंदवा. शाकाहारी असाल तर तेव्हाच बजावून सांगा, नाहीतर अंडं, पाव, केळ्याबरोबर कोंबडीची तंगडी हमखास येते. विवरातल्या पाणघोड्यांच्या तळ्यापाशी डबा उघड्यावर खाऊ नका. घारी झडप घालून हातातला घास नेतात, बोटं ओरबाडली जातात. गाडीतच खा.

वीज: सेरेंगेटीत काही लॉज रात्री जनरेटर बंद करतात. वेळ आधी विचारा, विशेषतः कुणी झोपेत श्वासासाठी मशीन वापरत असेल तर. त्या मशीनला वेगळी बॅटरी लागेल. प्लग तीन चौकोनी पिनांचा, अ‍ॅडॉप्टर एक आणि त्यावर एक्स्टेंशन बोर्ड, म्हणजे कॅमेरे नि फोन सगळे चार्ज होतात. गरम पाणी बहुधा सकाळ-संध्याकाळच. टोकाच्या खोलीत नळ दोन-तीन मिनिटं सोडावा लागतो, लगेच तक्रार करू नका.

दुर्बीण
बाल्कनीच्या दाराची कडी विसरू नका. माकडं फळांवर तर येतातच, औषधांची पिशवीही खाऊ समजून पळवतात. गोळ्या बॅगेत, बॅगेची चेन बंद.

सावंत_क
एक मुद्दा राहिला. सेरेंगेटीचा प्रवेश-परवाना २४ तासांच्या हिशोबाने असतो, आत शिरल्याच्या वेळेपासून. तीन रात्रींचे ७२ तास. पहिल्या दिवशी दुपारी दोनला गेट ओलांडलंत, तर शेवटच्या दिवशी दोनच्या आत बाहेर पडायचं, नाहीतर आणखी एका दिवसाची फी. म्हणून त्या दिवशी ड्रायव्हर घाई करतो. लॉजवर रेंगाळत बुफे जेवण्यापेक्षा तिथून डबा घ्या.

कपडे निळे-काळे नकोत, त्सेत्से नावाच्या चावऱ्या माशा त्या रंगांवर धावतात. खाकी, मातकट ठीक. प्लास्टिकच्या कॅरीबॅग २०१९ पासून टांझानियात बंद आहेत, विमानातून उतरण्याआधीच काढून टाका.

रानवाट२
खोलीचं आजच एजंटला लिहिते. टिप कुणाला, ड्रायव्हरला वेगळी?

सावंत_क
हो. लॉजच्या कर्मचाऱ्यांसाठी रिसेप्शनवर पेटी असते, निघताना त्यात एकदाच. ड्रायव्हरला सहल संपल्यावर, हातात.