लिनक्सवर गेम पण चालतात आणि फ्लेक्सपण होतात
वर कुणीतरी म्हणालंय की लिनक्सवर (विंडोजऐवजी वापरता येणारी ऑपरेटिंग सिस्टीम) ना गेमिंग होतं ना डिझाइन, विंडोज ठेवावंच लागतं. नाही पटत. २०१८ ला प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) आलं तेव्हापासून चित्रच बदललंय, त्यातलं डीएक्सव्हीके डायरेक्टएक्सचे, म्हणजे विंडोजच्या ग्राफिक्स यंत्रणेचे, कॉल व्हल्कनमध्ये, म्हणजे लिनक्सवरही चालणाऱ्या ग्राफिक्स यंत्रणेत, बदलून देतं. काही ऑनलाइन गेम अँटी-चीटमुळे (फसवाफसवी पकडणारं सॉफ्टवेअर) अडतात, तेवढं खरं. आणि डिझाइनचं म्हणाल तर इथे नाशकात गणपती मंडळांचे फ्लेक्स मी लिनक्सवर चालणाऱ्या इंकस्केप या डिझाइन सॉफ्टवेअरमध्येच करतो, युनिकोड फॉन्ट घेतला की 'श्री', 'ज्ञ' अजिबात फुटत नाहीत, फक्त पीडीएफ द्यायच्या आधी अक्षरांचे पाथ (म्हणजे नुसते आकार) करून टाका म्हणजे प्रिंटवाल्याकडे तो फॉन्ट नसला तरी काही बिघडत नाही. सीएमवायकेतच (छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत) काम करायचं असेल तर क्रिता हे चित्रकलेचं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे आणि खरंच भारी आहे.