मदत हवी आहे: गटात चाल बांधायची, पण एकच मूल बांधतं

खडूफळा:
उद्या तिसरा तास आहे, लवकर सांगा. मुलांचे गट पाडून चाल बांधायला दिली. प्रत्येक गटात एकच जण सगळं करतो, बाकीचे बाक बडवतात नाहीतर भांडतात. काय करू?

तीनताल:
कितवी? मुलं किती? वाद्यं कोणती? शब्द दिलेत की नुसती चाल?

खडूफळा:
सातवी, ४४. पेटी एकच, तिच्याही दोन पट्ट्या अडकतात. शब्द नाही दिले, ‘काहीतरी छान करा’ म्हटलं.

कोरी_पाटी:
घोळ तिथेच आहे ताई. ‘काहीतरी छान’ म्हटलं की ज्याला गाण्याचा क्लास आहे तोच पुढे सरसावतो. ओवी द्या. तीन चरण यमकाचे, चौथा आखूड, बिनयमकाचा. चौघांचा गट, प्रत्येकाचा एक चरण. आधीचा ज्या सुरावर थांबला तिथूनच पुढच्याने उचलायचं, म्हणजे झक मारत ऐकावं लागतं. माझ्याकडे डब्यातल्या भेंडीवर ओवी झाली होती. वर्षभर तोंड न उघडणारा एक मुलगा चौथ्या चरणाला नुसतं ‘भेंडीच गं बाई’ म्हणत अलगद सा वर येऊन बसला. वर्ग खिदळला, पण तो चरण मात्र सगळ्यांना पाठ झाला.

पेटीवाला:
एवढं कशाला? फक्त काळ्या पट्ट्या वाजवायला सांगा. पाचच सूर, भूप रागाचे. कानाला काही खटकतच नाही.

तीनताल:
सा काळी तीनवर, म्हणजे तिसऱ्या काळ्या पट्टीवर धरला तर भूपाचे. काळी एक धरलात तर त्याच पट्ट्यांत दुर्गा राग निघतो. आणि एका पेटीवर ४४ मुलं बसवणार कशी?

पेटीवाला:
सातवीच्या पोरांकडून दुर्गा निघाला तर आभाळ कोसळणार आहे का? उलट मजाच.

जुना_श्रोता:
मुळात पेटीच नको. आकाशवाणीने १९४० साली उगाच नव्हती बंद केली.

कोरी_पाटी:
अवांतर. आणि १९७१ मध्ये त्यांनीच पेटीला दार उघडलंच की, अर्धं का होईना.

सूरमयी:
मुलांना गाण्याच्या प्रारंभिक परीक्षेला बसवा. पाया पक्का होतो.

खडूफळा:
परीक्षेचं कुणी विचारलंय? असो. ओवी करून बघते. पण चौघांचे म्हणजे ११ गट, एकाच खोलीत, आणि भिंतीपलीकडे दहावीचं गणित. मागच्या वेळी सर दारात येऊन उभे राहिले होते.

तीनताल:
अहो, हे आधी सांगायचं ना! व्हरांडा आहे का?