मदत हवी आहे: हर्नियाचं ऑपरेशन, पाठीतली भूल नको म्हणावं का?

कावळा२२: बाबांचं परवा हर्नियाचं ऑपरेशन. पाठीत इंजेक्शन देणार म्हणतात. त्याने जन्मभर कंबर धरते ना? पूर्ण भूल मागू का? लवकर सांगा, उद्या ॲडमिट व्हायचंय.

सुईदोरा: कुठला हर्निया, चिरा देऊन की दुर्बिणीतून? वय? गोळ्या?

कावळा२२: जांघेचा, चिरा देऊन. ६८. नेहमीच्या गोळ्या चालू आहेत, बाकी ठणठणीत.

मीठभाकर: दुर्बिणीतूनच करा! माणूस लवकर कामावर.

गॅसवाला: दुर्बीण म्हणजे पोटात गॅस, म्हणजे बहुधा पूर्ण भूल आणि घशात नळी. विचारलंय काय, सांगताय काय!
कावळा, सुई २५ नंबरची, केसासारखी. औषध साधारण ३ मिली, दोन-तीन तास पाय बधिर. टोचल्या जागी चार दिवस ठणकतं, जन्मभर नाही. खरा त्रास डोकेदुखीचा: बसलं की दुखतं, आडवं झालं की थांबतं. या वयात तीही कमीच. "नेहमीच्या गोळ्या" म्हणजे कुठल्या? पाकीट बघून लिहा.

कावळा२२: क्लोपिडोग्रेल ७५, ॲस्पिरिन ७५, डापाग्लिफ्लोझिन १०. स्टेंट आहे, दोन वर्षं झाली. पण त्याचा भुलीशी काय संबंध?

गॅसवाला: सगळाच! क्लोपिडोग्रेल म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, ती ५ ते ७ दिवस बंद नसेल तर पाठीत सुई घालत नाहीत. आत रक्त साकळून मज्जारज्जू दबला तर पाय जातात. डापाग्लिफ्लोझिन ही साखरेची गोळी ३ दिवस आधी थांबवतात, नाहीतर उपाशीपोटी साखर ठीक दिसते आणि रक्तात आम्ल वाढत जातं. मात्र स्टेंटवाल्याने मनाने काही बंद करायचं नाही. आत्ता सर्जन आणि हृदयवाले डॉक्टर, दोघांना फोन.

सुईदोरा: ॲस्पिरिन बहुतेक चालूच ठेवतात. नुसती जांघ बधिर करूनही हर्नियाचं भोक झाकणारी जाळी बसवता येते, तेही विचारा.

गॅसवाला: हर्निया अंडकोशात उतरला असेल तर तसं जमणं कठीण, खेचाखेचीत पेशंट कळवळतो.

सुईदोरा: उतरलाय असं कुठे लिहिलंय?

गॅसवाला: नाही असंही कुठे लिहिलंय!

मीठभाकर: कॅशलेसची मंजुरी घेतलीत का? विम्याचे दावे बघणारे टीपीएवाले रडवतात.

कावळा२२: फोन केला. गोळ्यांचं त्यांना माहीतच नव्हतं. तारीख पुढे ढकलली.

गॅसवाला: उत्तम. लघवीची तक्रार?

कावळा२२: रात्री चारदा उठतात, धारही बारीक. हेही सांगायचं असतं?

गॅसवाला: हो. पाठीतल्या भुलीनंतर तुंबते, मग नळी घालावी लागते. आधी प्रोस्टेटची सोनोग्राफी करून घ्या.