जुनाट सायनस आणि नाकातील खपल्या : सल्ला हवा आहे

प्रश्न :
माझ्या वहिनींना कित्येक वर्षांपासून सायनसचा त्रास आहे. अँटिबायोटिकचा कोर्स झाला की थोडे दिवस बरे जातात आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. अलीकडे नाकातून हिरवट, जाड खपल्या पडतात. दुर्गंधी घरातल्या सर्वांना येते, फक्त त्यांना येत नाही, आणि त्या आता चारचौघांत बसणे टाळू लागल्या आहेत. ईएनटी डॉक्टरांनी अ‍ॅट्रॉफिक ऱ्हायनायटिस (नाकाचे आतले अस्तर सुकून झिजण्याचा आजार) असे निदान केले आहे. हा सायनसचाच परिणाम असेल का? सायनसची शस्त्रक्रिया करून घ्यावी का?

उत्तर १ :
या आजारात वास ओळखणारे अस्तरही सुकते, म्हणून वहिनींना दुर्गंधी येत नाही. तो त्यांचा निष्काळजीपणा नव्हे, हे आधी घरात सर्वांना सांगावे.

संबंध दोन्ही बाजूंनी आहे. वर्षानुवर्षे पू वाहत राहिल्याने नाकाच्या अस्तराची हानी होऊ शकते. उलट, अस्तर सुकले की शेंबूड पुढे ढकलणारे सूक्ष्म केस नाहीसे होतात, तो जागीच वाळतो, त्यात क्लेब्सिएला ओझेनीसारखे जंतू वाढतात आणि खपल्यांनी सायनसची तोंडे बुजली की संसर्ग पुन्हा उद्भवतो. त्यामुळे नुसत्या गोळ्यांनी भागत नाही.

शस्त्रक्रियेची घाई मात्र करू नये. नाक आतून प्रशस्त असूनही चोंदल्यासारखे वाटते, कारण हवेचा स्पर्श कळवणाऱ्या नसा क्षीण झालेल्या असतात. अशा वेळी टर्बिनेट (नाकात शिरणारी हवा ओलसर करणारे आतले उंचवटे) आणखी कापले, तर कोरडेपणा वाढतो. पूर्वी नाकाची शस्त्रक्रिया किंवा तिथे रेडिएशन झाले असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण आजाराचे मूळ तिथेही असू शकते. एंडोस्कोपी, सीटी स्कॅन आणि स्रावाचे कल्चर (त्यात कोणते जंतू आहेत याची तपासणी) यांबद्दल विचारावे, तसेच क्षय व कुष्ठरोग यांची शक्यता तपासली आहे का, हेही विचारावे.

खरा आधार रोज नाक धुण्याचा आहे. कोमट पाण्यात मीठ व खाण्याचा सोडा घालून, खपल्या मऊ करून काढाव्यात, ओढून नव्हे. त्यानंतर ग्लिसरीनमधील २५ टक्के ग्लुकोजचे थेंब दिले जातात. तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

उत्तर २ :
नाक धुण्याचे पाणी उकळून गार केलेलेच असावे, थेट नळाचे वापरू नये. आणि एक महत्त्वाचे : वासाने माश्या येतात व नाकात अळ्या पडू शकतात, म्हणून वहिनींना दुपारीही मच्छरदाणीतच झोपू द्यावे. नाकात वळवळ, वेदना किंवा रक्त जाणवल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.