मदत हवी आहे: जुन्या गाडीत पाणी शिरतंय, काचेभोवती गंजही दिसतोय. सुरुवात कुठून करू?

खटारारथ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

साठच्या दशकातली चार दारांची एक सेडान नुकतीच हाती आली आहे. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा लगेच "हिचे पार्ट कुठे मिळतात"कडे वळेल. कामापुरतं सांगतो: वेगळी चासी नाही, सगळा भार बॉडीच घेते. पुढची-मागची काच रबरी बीडिंगमध्ये (काचेच्या कडेभोवतीच्या रबरी पट्टीत) बसवलेली, बीडिंगच्या खोबणीत चकचकीत पट्टी. पुढच्या दारांना ती फिरणारी त्रिकोणी काच. इंजिन, गिअर, ब्रेक यांबद्दल सध्या तक्रार नाही.

तक्रार पाण्याची आहे. जोराचा पाऊस झाला की चालकाच्या पायाखालचं कार्पेट पिळून काढता येईल इतकं ओलं होतं. डिकीत स्टेपनीच्या खळग्यात पाणी साचतं. पुढच्या काचेच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत बीडिंगलगत रंगाला बारीक फोड आलेत. आधीच्या मालकाने काचेभोवती पारदर्शक सिलिकॉन फासलंय, ते आता सुटून लोंबतंय. आणि दारांच्या खालच्या कडा मला जरा जास्तच गुळगुळीत वाटतात, तिथे पुट्टी (खड्डे भरायचा लेप) असावी असा संशय आहे.

माझे प्रश्न असे. आधी नवीन बीडिंग आणून गळती थांबवू की आधी गंज काढू? गंज किती खोल गेलाय ते रंग न खरवडता कसं कळेल? आणि पाणी काचेतूनच येतंय हे ठरवायचं कसं?

हाताने काम करायची तयारी आहे. वेल्डिंग मात्र येत नाही.

स्क्रूढीला

लोंबणारं सिलिकॉन ओढून काढा, नवीन ट्यूब आणा, काचेभोवती गोल फिरवा. अर्ध्या तासाचं काम. माझ्या गाडीला तसंच केलंय, दोन पावसाळे निघाले.

डेंटरकाका

खटारारथ, वरचा सल्ला कृपया मनावर घेऊ नका. स्क्रूढीला, राग मानू नका, पण ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास येतो ना? ते सिलिकॉन सुकताना असेटिक आम्ल सोडतं. उघड्या पत्र्यावर ते गेलं की गंजाला आमंत्रणच. शिवाय सिलिकॉनचा अंश राहिलेल्या जागी पुढे रंग धरत नाही, बारीक खड्डे पडतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वरून बंद केलं की आत शिरलेलं पाणी आतच राहतं. बाहेरून गळती थांबल्यासारखी दिसते आणि रबराखाली पत्रा सडत राहतो. दोन पावसाळे निघाले म्हणता, एकदा बीडिंगची कड उचलून बघा.

आता मूळ प्रश्न. गंज आणि गळती ही तुमच्या गाडीत दोन वेगळी कामं नाहीत. बीडिंग ज्या पत्र्याच्या कडेवर बसते ती कड सरळ आणि अखंड असेल तरच रबर तिला घट्ट धरतं. कड गंजून फुगली किंवा झिजली की कितीही महागडं नवीन रबर आणा, पाणी येणारच. म्हणून बीडिंगची खरेदी सगळ्यात शेवटी.

गंज तपासायला फार साधनं लागत नाहीत. एक छोटं लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी आणि दाराखालचा सिल यांवरून हळू फिरवा. जिथे ओढ एकदम कमी होते तिथे पुट्टी किंवा फायबर आहे. रंगाची जाडी मोजायचं मीटर कुणाकडे मिळालं तर उत्तमच. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो. पुन्हा रंगवलेल्या गाडीत आकडा दुप्पट-तिप्पट भरला तरी घाबरू नका. एका हाताच्या अंतरात आकडा १००० च्या पुढे उडी मारतो का ते बघा, तसं झालं तर खाली पुट्टी आहे.

मग स्क्रू ड्रायव्हर उलटा धरून त्याच्या मुठीने ठोकत चला. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला भद्द वाजतो. भद्द वाजला की खालच्या बाजूने, जिथे दिसणार नाही अशा ठिकाणी टोक दाबून बघा. टोक आत गेलं तर कळायचं ते कळलं. फोडांचं म्हणाल तर गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो रंगाला खालून ढकलतो. बरेचदा तो पत्र्याच्या आतल्या बाजूने खात आलेला असतो. बाहेर मुगाएवढा फोड आला की आत रुपयाएवढं भोक असणार असं धरूनच चाला.

जागा कुठल्या बघायच्या? सिल आणि जॅक लावायची ठिकाणं, पुढच्या-मागच्या सस्पेन्शनचे माउंट, सीटबेल्टचे बोल्ट जिथे बसतात तो पत्रा, बॅटरीचा ट्रे, आणि कार्पेट उचलून अख्खा फ्लोअर. तुमच्या गाडीला चासी नाही म्हणता, म्हणजे सिल हाच तिचा कणा. दारं उघडताना-मिटताना खाली बसल्यासारखी वाटतात का? दाराची फट वर आणि खाली सारखी आहे का? तिथे फरक दिसला तर काचा-बिचा बाजूला ठेवा आणि आधी तेवढंच बघून घ्या.

चांदणी

काकांनी गंजाचं सांगितलं, मी पाण्याचं सांगते. जुन्या गाड्यांत मला सगळ्यात जास्त छळलंय ते पाण्याच्या प्रवासाने. ते शिरतं एकीकडे आणि दिसतं भलतीकडे. काचेच्या वरच्या कोपऱ्यातून आलेला थेंब खांबाच्या आतून उतरतो, डॅशच्या मागे वायरिंगवरून सरकतो आणि पायाशी टपकतो. त्यामुळे कार्पेट कुठे ओलं झालं यावरून काहीच ठरवू नका.

आधी कार्पेट आणि त्याखालचं नमद्याचं अस्तर बाहेर काढा. ते अस्तर आठवडेच्या आठवडे ओल धरून ठेवतं, फ्लोअर सडायचं निम्मं कारण तेच. फ्लोअर पुसून कोरडा करा. मग एक माणूस आत टॉर्च घेऊन आणि एक बाहेर पाइप घेऊन. पाइपला नोझल नको, पाणी नुसतं वाहू द्या. जोराचा फवारा मारलात तर चांगल्या रबरातूनही पाणी जाईल आणि दिशाभूल होईल. सुरुवात खालून करायची: आधी बॉनेट आणि काच यांच्यामधली जाळी, मग काचेची खालची कड, मग बाजू, शेवटी वरची कड. प्रत्येक ठिकाणी काही मिनिटं थांबायचं. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही. शक्य असेल तर डॅशखालचं पुठ्ठ्याचं पॅनेल काढून ठेवा.

माझा पहिला संशय काचेवर नाहीच, त्या जाळीवर आहे. जाळीखाली हवेचा कप्पा असतो, त्यातलं पाणी बाहेर जायला भोकं किंवा रबरी नळ्या असतात. पानं-माती अडकली की कप्पा भरतो आणि पाणी हीटरच्या तोंडातून आत येतं. वायपरचे दांडे बाहेर येतात तिथली रबरी वायसरही बघा.

दारांच्या काचांबद्दल बऱ्याच जणांचा एक गैरसमज असतो. काच खाली जाते त्या फटीतून दारात पाणी जाणं हा दोष नाही, तशीच रचना आहे. ते दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडायला हवं. ती भोकं बुजली की दार खालून सडतं. तुमच्या त्या गुळगुळीत कडांचं मूळ तिथेच असेल. आणि दाराच्या आतल्या पॅनेलमागे प्लॅस्टिकचा कागद लागतो. तो फाटला किंवा कुणी काढून फेकला असला की पाणी थेट पॅनेलवर आणि तिथून फ्लोअरवर. पॅनेलचा पुठ्ठा खालून फुगलाय का?

दाराचं रबर तपासायला कागदाची पट्टी मध्ये धरून दार लावा आणि ओढा. सहज सुटली तर तिथे दाब नाही. त्रिकोणी काचेच्या खालच्या कोपऱ्यात ही फट हमखास सापडते.

पानापक्कड

+१ चांदणीताई. डिकीसाठी एक भर: मागच्या दिव्यांच्या मागची गास्केटं आणि मागच्या काचेची खालची कड बघा. डिकीच्या झाकणाच्या रबरावर खडूची पूड लावून झाकण मिटून उघडलं की पूड कुठे लागली नाही ते दिसतं. आणि स्टेपनीच्या खळग्याच्या तळाला बूच असतं, पाणी साचलं की ते काढून वाहू द्यायचं. पुन्हा लावायला विसरू नका, नाहीतर चाकाने उडवलेलं पाणी खालून वर येईल. (हे विसरणाऱ्यांचा वेगळा धागा निघू शकेल.)

खटारारथ

सगळ्यांचे आभार. भावाला पाइप देऊन बाहेर उभं केलं आणि मी आत डॅशखाली आडवा. चांदणीताई, तुमचा संशय खरा ठरला. जाळीवर पाणी सोडल्यावर थोड्याच वेळात हीटरच्या बाजूने धार लागली. खालच्या नळीत मातीचा गोळा बसला होता, तो काढल्यावर धार बंद. चालकाच्या दारात प्लॅस्टिक कागद नावालाही नाही, पुठ्ठा खालून फुगलाय. तळाची तीनपैकी दोन भोकं रंगाने बुजलेली.

काचही निर्दोष नाही. खालच्या एका कोपऱ्यातून बारीक झिरपतं. प्लॅस्टिकच्या पट्टीने बीडिंगची कड उचलली तर खालून तपकिरी खपल्या पडल्या. सिल ठोकून पाहिले, टणटण वाजले. फटी सारख्या आहेत. दारांच्या खाली चुंबक दोन ठिकाणी नीट धरत नाही.

आता काच काढायची का? काढली तर पुढे काय?

डेंटरकाका

सिल ठीक आहेत हे वाचून जीवात जीव आला. हो, काच काढा. खपल्या पडल्या म्हणजे वरून काही लावून भागणार नाही.

काढताना जुनं रबर वाचवायच्या नादी लागू नका. लॅमिनेटेड काच कडेला एका ठिकाणी दाब आला की तडकते. आधी चकचकीत पट्टी अलगद काढा, ती वाकली तर पुन्हा सरळ होणं कठीण. मग बाहेरच्या बाजूने रबराचा ओठ ब्लेडने कापून टाका, म्हणजे काच न ढकलता बाहेर येते. दोन माणसं, हातमोजे, चष्मा. काच कडेवर उभी नको, जाड गादीवर आडवी ठेवा.

सिलिकॉनचा अंश प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून, त्याच्यासाठीच्या क्लीनरने पुसून काढायचा. हे घासपेपर लावण्याच्या आधी, नाहीतर पेपर तो सगळीकडे पसरवतो. मग वायर ब्रशने चमकता पत्रा दिसेपर्यंत जा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तिथे पाणी लावून घासा आणि मास्क घाला.

पत्रा शाबूत असून नुसते खड्डे असतील तर फॉस्फोरिक आम्लाचा रस्ट कन्व्हर्टर (गंजाला स्थिर थरात बदलणारा द्रव) चालतो. फक्त तो घट्ट चिकटलेल्या पातळ गंजावरच काम करतो, खपल्यांवर नाही. उरलेलं आम्ल डब्यावर लिहिल्याप्रमाणे धुऊन वाळवा, नाहीतर वरचा प्रायमर सुटेल. नंतर इपॉक्सी प्रायमर, पत्र्याच्या सांध्यांवर सीम सीलर (फट बुजवणारी पेस्ट), मग रंग. रंग पूर्ण कडक होईपर्यंत बीडिंग चढवू नका.

भोक असेल तर वेल्डिंगच. पुट्टीने काचेची कड बनवायची नाही, काच हलली की ती तडकते. डेंटरकडे न्याल तेव्हा काच काढलेलीच असू द्या, कारण वेल्डिंगची ठिणगी काचेवर बसली की तो डाग निघत नाही. पॅच नवीन पत्र्याचा, सडका भाग पूर्ण कापून. जुन्यावर नवीन चिकटवला तर मधल्या फटीत पुन्हा पाणी.

दारांनाही हाच नियम. शेवटी सिलच्या आणि दारांच्या आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण) मारा, पण सगळं खडखडीत कोरडं झाल्यावर. आणि मारून झाल्यावर तळाची भोकं तारेने पुन्हा मोकळी करा.

स्क्रूढीला

काका, तुम्ही म्हणालात म्हणून बीडिंगची कड उचलून बघितली. फोटो टाकत नाही. खटारारथ, ट्यूब राहू द्या.

चांदणी

काच बसवण्याचं मी लिहिते. नवीन बीडिंग आधी काचेवर चढवा, सांधा वरच्या किंवा खालच्या कडेच्या मध्यावर येऊ द्या, कोपऱ्यात नको. रबर ताणून बसवू नका. ताणलेलं रबर काही महिन्यांत आखडतं आणि कोपरे उघडे पडतात. उलट किंचित सैल, कोपऱ्यांत दाबून भरलेलं हवं.

पत्र्याची कड ज्या खोबणीत जाते तिच्यात ४ ते ५ मिलिमीटरची गुळगुळीत नायलॉन दोरी सगळीकडून बसवा, दोन्ही टोकं खाली मध्यावर एकमेकांवर थोडी चढवून आत सोडा. कडेवर साबणाचं पाणी. एकाने बाहेरून तळहाताने काच दाबत राहायची, दुसऱ्याने आतून दोरी काचेच्या मध्याच्या दिशेने ओढत जायची. रबराचा ओठ आपोआप कडेवर चढतो. कुठे अडलं तर जोर करू नका, थोडं मागे येऊन पुन्हा ओढा. थंडीत रबर कडक असतं, ऊन खाल्लेलं रबर पटकन वळतं.

सीलंट लावायचाच तर न सुकणारा, बीडिंगच्या काचांसाठीचा घ्या. रबर आणि पत्रा यांच्यामध्ये, तसंच बाहेरच्या ओठाखाली काचेच्या बाजूने. चिकटवलेल्या काचांसाठीचा युरेथेन गोंद इथे नको, पुढच्या वेळी काच निघणार नाही.

चकचकीत पट्टी बीडिंग बसल्यावर लावायची की काच बाहेर असतानाच, हे तुमच्या पट्टीच्या आकारावर आहे. तिच्या आडव्या छेदाचा फोटो टाकाल का?

खटारारथ

उद्या उजेडात काढून टाकतो. तोवर दारासाठी प्लॅस्टिकची जाड शीट कापून ठेवली आहे. ती चिकटवायला काय वापरू?

पानापक्कड

ब्युटाइलची (मऊ, चिकट रबराची) दोरी. ती सुकत नाही, त्यामुळे पुढे काच वर-खाली करणारं मशीन दुरुस्त करायला शीट उचलून परत लावता येते. आणि शीटचं खालचं टोक दाराच्या आत, फटीत सोडा. बाहेर ठेवलंत तर पाणी पुन्हा पुठ्ठ्यावरच येईल.